सहा फुटी लेथ : तीन सारख्या यंत्रांतून एक कसे निवडावे?

गळीत हंगाम ऐन भरात असताना ट्रॉलीच्या हबचे बेअरिंग बसते आणि शाफ्टला खड्डा पडतो, नाही तर डंपिंगच्या पिनेचा बुश झिजून अंडाकृती होतो. ऊस तुटून फडात पडलेला, टोळी हात बांधून बसलेली आणि ट्रॉलीचे चाक बार्शीच्या नाही तर धाराशिवच्या लेथवाल्याच्या दारात नंबर धरून! तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि वजन घटले की बिल घटते, हे सभासदांना सांगावयास नको. त्यामुळे घरच्या शेडमध्येच एक लेथ टाकावा, आपले काम भागवावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही करावे, असा विचार काही सभासद बंधू करीत असतात. येडशीसारखे गाव, जेथे सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता एकमेकांना मिळतात, तेथे तर हा विचार मुळीच वावगा नाही. घरात आय.टी.आय.चा टर्नर झालेला मुलगा किंवा पुतण्या असेल तर प्रश्नच मिटला.

पण प्रश्न मिटत नाही, तो तेथून सुरू होतो. बाजारात गेले की तीन-चार यंत्रे दिसतात, सगळी सहा फुटी, सगळी हिरव्या नाही तर करड्या रंगाची, सगळ्यांची माहितीपत्रके जवळजवळ सारखी. किमती मात्र वेगवेगळ्या. मग निवड कशावरून करावयाची? रंगावरून करता येत नाही आणि नुसत्या किमतीवरूनही करता येत नाही. उसाच्या बिलाचे पैसे एकदाच हातात येतात. ते चुकीच्या यंत्रात अडकले तर पुढची काही वर्षे ते यंत्र शेडमध्ये पोती ठेवण्याच्या कामी येते. म्हणून हा लेख.

आधी काम, मग यंत्र

लेथ म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण सर्वच वाचक कारागीर नाहीत. आपल्याकडे कातारी लाकूड कातीत असे. लाकूड फिरते आणि कातारी हातातले हत्यार त्याला लावतो. लोखंड कातावयाचे तर हत्यार हाताने धरून भागत नाही, ते लोखंडी घसरगाडीवर पक्के बसवावे लागते आणि ती गाडी स्क्रूने, अगदी मोजून, पुढे सरकवावी लागते. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने घसरगाडी, लिड स्क्रू आणि बदलती चाके यांची जी जोडणी बसवली, तीच मुळात आजही आपल्या लेथवर आहे. जॉब चकमध्ये फिरतो, टूल सॅडलवर बसून सरळ रेषेत चालते. सगळी किंमत त्या ‘सरळ रेषेत’ या शब्दांची आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता निवडीकडे वळू. यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी एक वही करावी, असे आमचे मत आहे. एक पूर्ण हंगाम आपल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरून लेथवाल्याकडे काय काय काम गेले ते त्यात लिहावे. जॉब कोणता, जाडी किती, लांबी किती, दोनच आकडे पुरेत. हंगाम संपल्यावर वही उघडली की यंत्र आपोआप अर्धे ठरते.

येडशीच्या आसपासच्या वहीत साधारण काय निघेल? ट्रॉलीच्या आणि रोटावेटरच्या पिना व बुश, टायरगाडीचे स्टब, कडबाकुट्टीचा शाफ्ट, पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, पंपाचे शाफ्ट आणि इंपेलरचे बोअर, पुलीला बोअर मारणे, तुटलेल्या स्टडचे आटे, हायड्रोलिक जॅकचा रॉड. एखादा गुऱ्हाळवाला चरकाचा रोलर घेऊन येईल. बहुतेक काम हातभर लांबीचे आणि मनगटाएवढ्या जाडीचे. ही कामे सहा फुटी लेथवर व्यवस्थित होतात.

पण येथे पहिली मेख आहे. सहा फुटी लेथ म्हणजे सहा फुटांचा जॉब बसतो असे नव्हे! सहा फूट ही बेडची लांबी. एका टोकाला हेडस्टॉक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक, ही दोन्ही बेडवरच बसतात. दोन सेंटरच्या मध्ये उरते ते सुमारे तीन ते सव्वातीन फूट. साडेचार फुटी यंत्रात तर जेमतेम दीड-दोन फूट. ट्रॉलीचा अख्खा ॲक्सल पाच-सहा फुटांचा असतो. तो सहा फुटी लेथवर सेंटरमध्ये बसणार नाही, आणि त्याची जाडी पाहता स्पिंडलच्या भोकातून मागेही जाणार नाही. ॲक्सलचेच काम मुख्य धरावयाचे असेल तर दहा फुटी यंत्र लागेल. तेवढे नको असेल तर ‘अख्खा ॲक्सल आम्ही घेत नाही’ हे पहिल्या दिवशीच गिऱ्हाइकाला सांगावे लागेल.

पत्रकातले कोणते आकडे वाचावेत

समजा, एका सभासदापुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला राजकोटच्या नव्या ऑल गिअर लेथचा : बेड सहा फूट, बेडची रुंदी दहा इंच, स्पिंडलचे भोक ४० मि.मी., वजन साडेसहाशे किलो. दुसरा बटाल्याच्या नव्या कोन पुलीच्या लेथचा : बेड तोच सहा फूट, पण रुंदी बारा इंच, भोक ५२ मि.मी., वजन साडेआठशे किलो. तिसरा एका कारखान्याने काढून टाकलेल्या जुन्या किर्लोस्कर लेथचा, सोलापूरच्या जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे उभा. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. राजकोट आणि बटाला या दोन्ही गावांत लेथ करणारे अनेक कारखाने आहेत, चांगलेही आणि तसेच. तेव्हा गावाच्या नावावरून यंत्राची जात ठरवू नये.

पहिल्या दोहोंत लांबी सारखी आहे, म्हणून ती सोडून द्यावी. पाहावयाचे ते वजन आणि बेडची रुंदी. लोखंड कातताना टूल जॉबला ढकलते, जॉब टूलला ढकलतो, आणि हा सगळा जोर शेवटी बेडवर येतो. बेड हलका असेल तर तो थरथरतो आणि जॉबवर लाटा उमटतात. आपले लोक बैल घेताना खांदा पाहतात, तसा लेथ घेताना बेड पाहावा. दोनशे किलो जास्तीचे बीड ओतून कारखानदाराला काही फुकटचा आनंद होत नाही. ते वजन बेडमध्ये आणि हेडस्टॉकमध्ये असेल तर त्याचे पैसे देणे परवडते. मात्र ते पायांच्या पेटाऱ्यात आहे की बेडमध्ये, हे बेडखाली हात घालून, आतल्या आडव्या फासळ्या चाचपून पाहावे.

दुसरे, स्पिंडलचे भोक. ४० आणि ५२ यांत फरक तो काय, असे वाटेल. पण जॉब सेंटरमध्ये मावत नसेल तेव्हा तो मागून स्पिंडलमधून ओवतात आणि हवे तेवढे टोक चकबाहेर काढून कातात. पंपाचा लांब शाफ्ट असा कातता येतो. दोन इंची शाफ्ट ५२ मि.मी.च्या भोकातून जाईल, कारण दोन इंच म्हणजे ५०.८ मि.मी. ४० च्या भोकातून दीड इंची जाईल, त्याच्या पुढे नाही. म्हणजे भोकाचा आकडा वाढला की लांब जॉबही आपल्या आवाक्यात येतात. वहीतले जाडीचे आकडे येथे उपयोगी पडतात.

तिसरे, सर्वांत कमी वेग. हा आकडा कोणी विचारीत नाही आणि घोटाळा मात्र येथेच होतो. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे लोखंड मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कातावे. जॉब बारीक असेल तर यंत्र जोरात फिरवावे लागते, जाड असेल तर सावकाश. १२ मि.मी.ची पिन कातताना मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे हवेत. ५० मि.मी.च्या शाफ्टला एकशे साठ. आणि दहा इंची बिडाची पुली तोंडावर कातावयाची तर बिडाला वेग आणखी कमी, मिनिटाला १८ मीटर धरा, म्हणजे फेरे झाले अवघे तेवीस. ज्या लेथचा सर्वांत कमी वेग साठ-सत्तर फेऱ्यांचा आहे, त्यावर हायस्पीडचे टूल पुलीच्या कडेला टेकले की निळे पडून मरते. कार्बाईडची टिप लावून वेग वाढवता येतो हे खरे, पण कार्बाईडला थरथर चालत नाही. म्हणजे परत वजनावर आलो! पुल्या आणि रोलर करावयाचे असतील तर बॅक गिअर लावून तीस-पस्तीस फेऱ्यांपर्यंत खाली येणारे यंत्र बरे, आणि गॅप बेड असेल तर मोठ्या पुलीसाठी हेडस्टॉकजवळचा तुकडा काढता येतो.

चौथी गोष्ट आट्यांची. जुन्या ट्रॅक्टरचे आणि इंजिनांचे बोल्ट इंची आट्यांचे, नव्याचे मिलिमीटरचे. दोन्ही आपल्याकडे येणार. लिड स्क्रू इंचाला चार आट्यांचा असेल तर त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचे एक चाक लागते. कारण सोपे आहे. इंच म्हणजे २५.४ मि.मी. आणि २५.४ ची पाचपट १२७. अशा लेथवर २ मि.मी. पिचचा आटा पाडावयाचा तर ४० दात्यांचे चाक चालवणारे आणि १२७ चे चालणारे लावावे, हिशोब बरोबर जमतो. लिड स्क्रू मिलिमीटरचा असेल तर उलट इंची आट्यांसाठी हेच चाक लागते. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावे, ‘एकशे सत्तावीसचे चाक सोबत आहे काय?’ तो गोंधळला तर समजावे की त्याने यंत्रे विकली पुष्कळ, चालवली थोडी.

ऑल गिअर की कोन पुली?

या प्रश्नावर चहाच्या टपरीवर तास तास वाद होतात. ऑल गिअर यंत्रात वेग बदलावयास दांडा फिरवला की झाले, आणि जोर थेट गिअरमधून जातो, घसरत नाही. दिवसभर एकसारखे काम करणाऱ्या वर्कशॉपला ते सोयीचे. कोन पुलीच्या यंत्रात वेग बदलताना पट्टा एका पायरीवरून दुसरीवर हाताने न्यावा लागतो. तीन पायऱ्यांची पुली आणि बॅक गिअर मिळून सहा वेग, चार पायऱ्या असतील तर आठ. काम थांबवून पट्टा बदलणे कंटाळवाणे आहे, नाकारीत नाही.

तरीपण घरच्या शेडसाठी, आणि हात अजून बसावयाचा असलेल्या मुलासाठी, आमचा कौल कोन पुलीला आहे. टूल जॉबमध्ये रुतले, म्हणजे नवशिक्याच्या हातून ते रुततेच, तर पट्टा घसरतो आणि यंत्र वाचते. ऑल गिअरमध्ये पट्ट्याची ही माया कमी. तेथे गिअरचा दात जातो किंवा शिअर पिन तुटते. दात गेला तर ते गिअर ज्या गावाहून यंत्र आले त्या गावाहून येईपर्यंत थांबा. पट्टा मात्र धाराशिवलाही मिळतो. दुसरे असे की स्वस्तातल्या ऑल गिअर यंत्रात गिअरबॉक्सवर खर्च झालेला पैसा बहुधा बेडमधून वाचवलेला असतो. वरच्या उदाहरणात दहा इंची बेडचे यंत्र ऑल गिअर आहे आणि बारा इंचीचे कोन पुली, ते काही उगाच घेतलेले नाही. दोन्ही चांगले हवे असेल तर मिळते, पण किंमत वेगळ्या पायरीवर जाते.

स्पिंडल कशावर फिरतो हेही विचारावे. गनमेटलचे बुश असतील तर रोज तेल पाहिजे आणि अधूनमधून बुश आवळावे लागतात. टेपर रोलर बेअरिंग असेल तर झंझट कमी, आणि बेअरिंग कोठेही मिळते. चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो की कॅमलॉकने, हेही पाहून ठेवावे. आट्यांचा असेल तर यंत्र एकदम उलटे फिरवताना चक सैल होऊन अंगावर येऊ शकतो. मिलिमीटरचे आटे इंची लिड स्क्रूवर पाडताना हाफ नट उघडता येत नाही, प्रत्येक कटाला यंत्र उलटे फिरवूनच मागे यावे लागते. म्हणून अशा यंत्रावर आधी पूर्ण थांबवावे, मग सावकाश उलटे घ्यावे.

जुने किर्लोस्कर घ्यावे काय?

तिसऱ्या प्रस्तावाबद्दल सभासदांना विशेष ओढ असते, आणि ती का असते ते समजण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलवला. त्यांचा लोखंडी नांगर आपल्या आजोबा-पणजोबांच्या बैलांनी ओढला. त्याच घराण्याने १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली आणि लेथ बनवले. ‘एंटरप्राइज’ आणि ‘टर्नमास्टर’ ही नावे जुन्या टर्नर लोकांच्या तोंडी अजून आहेत. सरकारच्या एच.एम.टी.ची स्थापना १९५३ सालची, तिचेही लेथ असेच नावाजलेले. या यंत्रांत बीड सढळ हाताने ओतलेले आहे, यात वाद नाही.

पण म्हैसूर किर्लोस्कर पुढे बंद पडली. आता जुन्या यंत्राचा सुटा भाग म्हणजे कोणी तरी नमुन्यावरून केलेला भाग. आणि ज्या कारखान्याने यंत्र काढले त्याने ते वीस-तीस वर्षे तीन पाळ्यांत वापरलेलेही असू शकते. नावाला पाहून पैसे देऊ नयेत, बेडला पाहून द्यावेत. रंग ताजा असेल तर अधिकच निरखून पाहावे.

जुन्या लेथचा बेड झिजतो तो चकाजवळ, कारण नव्वद टक्के काम तेथेच होते. टेलस्टॉककडची बाजू कोरी राहते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला न्यावी, तेथे तिची पट्टी हाताला जरा जड लागेल इतकी आवळावी, मग चाक फिरवीत सॅडल चकाकडे आणावी. चकाजवळ येताच ती खुळखुळीत झाली तर बेड गेला. मग ‘चकाजवळ आवळून घेऊ की’ असे व्यापारी म्हणेल. तशी आवळली तर दुसऱ्या टोकाला ती अडकते, हेही करून पाहावे. ‘बेड ग्राइंड करून घेतला आहे’ असे सांगितल्यास विचारावे की सॅडल किती खाली बसली आणि तिच्याखाली भर घातली का. कारण बेड घासला की सॅडल खाली येते आणि लिड स्क्रूची रेषा चुकते.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला थोडी गाळी असेल तर तेवढ्यावरून यंत्र नाकारू नये. नट बदलला की भागते. चकही बदलता येतो. बेड आणि स्पिंडल बदलता येत नाहीत, म्हणजे बदलावयाचे झाले तर नवे यंत्र परवडले. आमचे स्पष्ट मत असे की, बरोबर मुरलेला टर्नर असेल आणि तो तासभर यंत्राशी खटपट करून हो म्हणाला, तर जुने जड यंत्र नव्या हलक्यापेक्षा सरस. असा माणूस नसेल तर जुन्याच्या नादी लागू नये.

पैसे देण्यापूर्वी कातून पाहावे

नवे असो की जुने, यंत्र बंद स्थितीत पाहून घेऊ नये. बाजारात मशागतीचे औजार जमिनीला लावून पाहता येत नाही. लेथ मात्र जागेवरच कातून पाहता येतो. जाताना आपला दोन इंची लोखंडी बार, एक मायक्रोमीटर आणि जमल्यास चुंबकाच्या स्टँडसह डायल गेज घेऊन जावे. हे आय.टी.आय.तल्या पोरांना ठाऊक असते. यंत्रांच्या अचूकपणाच्या कसोट्या बर्लिनचे प्राध्यापक जॉर्ज श्लेसिंगर यांनी १९२७ साली पुस्तकरूपाने बांधून दिल्या, आणि नव्या यंत्राबरोबर मिळणारा टेस्ट चार्ट त्याच वंशातला आहे. चार्ट मागून घ्यावा, पण त्यावरच विसंबू नये.

प्रथम यंत्र वरच्या वेगावर अर्धा तास नुसते फिरवावे. हेडस्टॉक कोमट होणे ठीक, हात ठेववत नसेल तर ठीक नाही. नंतर स्पिंडलच्या नाकावर डायल लावून हाताने फिरवावे. नव्या यंत्रात काटा एका शतांश मि.मी.च्या आसपास हलावा. चकमध्ये लांब दांडा धरून वर उचकटून पाहिले तर बेअरिंगची गाळी कळते.

मग मुख्य कसोटी. बार चकमध्ये धरावा, सुमारे २०० मि.मी. बाहेर ठेवावा, टेलस्टॉकचा टेकू देऊ नये. मधला भाग थोडा खाली कातून दोन टोकांना दोन कडी ठेवावीत. आता धारदार टूलने, अगदी हलका कट घेऊन, टूल न हलवता दोन्ही कडी एकाच चालीत कातावीत आणि मायक्रोमीटरने मोजावीत. दोहोंत दोन शतांशांपर्यंत फरक असेल तर यंत्र सरळ चालते. फरक जास्त निघाला तर लगेच यंत्राला नावे ठेवू नयेत. व्यापाऱ्याच्या गाळ्यात ते वाकड्यातिकड्या फरशीवर उभे असते आणि त्यामुळे बेडला पीळ पडतो. ‘लेव्हल करून द्या, परत कातू’ असे म्हणावे. जो तयार होतो त्याच्याशी पुढचे बोलणे करावे.

एखादी जाड चकती तोंडावर कातून तिच्यावर पट्टी उभी धरावी. मध्यभागी किंचित खोल निघाली तर चालते, मध्ये फुगीर निघाली तर नाही. शेवटी पार्टिंग टूलने बार कापून पाहावा. कापताना यंत्र ओरडले, जॉबवर लाटा आल्या, तर पत्रकातल्या वजनाचा आकडा परत तपासावा.

भाव ठरवताना एक सांभाळावे. एकाच्या किमतीत मोटर, स्टार्टर, ट्रू चक, डॉग चक, फेस प्लेट, स्टेडी आणि बदलीची चाके धरलेली असतात, दुसऱ्याच्या किमतीत नुसता लेथ. पत्रकावर स्वस्त दिसलेले यंत्र चक आणि मोटर घेता घेता महाग होते. म्हणून सगळ्यांकडून एकच यादी देऊन, कर आणि येडशीपर्यंतचे भाडे धरून, लेखी कोटेशन घ्यावे. ट्रू चक लवकर काम करतो, पण झिजलेला वाकडा शाफ्ट डॉग चकमध्येच नीट धरता येतो. दुरुस्तीच्या कामाला डॉग चक आधी हवा.

वीज आणि पाया

विजेच्या बाबतीत सभासद बंधूंना स्पष्ट सांगावेसे वाटते की शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नये. एक तर तेथे थ्री फेज ठरावीक तासच असते. दुसरे म्हणजे, ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. वर्कशॉपसाठी वेगळी जोडणी महावितरणकडून रीतसर घ्यावी. दीड-दोन हॉर्सपॉवरची मोटर सिंगल फेजवरही चालते. थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवणारे ड्राइव्ह आता मिळतात, त्याने वेगही कमीजास्त करता येतो. मात्र त्यासाठी मोटरची जोडणी २३० व्होल्टच्या डेल्टात करता येते का, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे. कर्जाची किंवा अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी, आणि ती यंत्र घेण्यापूर्वी करावी.

उतरवताना यंत्राचे वजन हेडस्टॉककडे असते हे विसरू नये. दोर बेडला घालावा, लिड स्क्रूला कधीही नाही. तो एकदा वाकला की आटे पाडण्याचे नाव नको.

पाया हा येडशी परिसरात खास विचार करण्याचा विषय आहे. बालाघाटाच्या चढावर, रामलिंगाच्या बाजूला, मुरूम हाताला लवकर लागतो. खाली तेरणेच्या खोऱ्याकडे काळी जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून लेथ उभा केला तर जमिनीबरोबर यंत्रही वर्षातून दोनदा हलते, बेडला पीळ बसतो आणि सरळ यंत्र तिरके कातू लागते. मग दोष यंत्राला! काळी माती पूर्ण काढून, मुरूम लागेपर्यंत खाली जाऊन, यंत्राच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच सलग काँक्रीटचा ओटा करावा. दोन पायांना दोन वेगळे ओटे करू नयेत. काँक्रीट पुरते मुरल्यावरच यंत्र ठेवावे आणि अचूक लेव्हल उसनी आणून, पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून, बेड लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे पाहावा.

शेडमध्ये कोण वावरते याचाही बंदोबस्त पहिल्या दिवसापासून हवा. उपरणे, सैल बाह्या, पदर, हातमोजे, यांतले काहीही फिरत्या चकाजवळ नको. हातमोज्याने हात वाचतो असे वाटते. लेथवर तो हात ओढून नेतो. चकची चावी चकमध्ये विसरून मोटर चालू केली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, म्हणून चावी हातातून सुटली की ती खुंटीवरच, मध्ये कोठे नाही. कातलेला कीस हाताने ओढू नये, आकडी करून ठेवावी.

यंत्र बसल्यावर महिन्याभराने लेव्हल परत पाहावी. पहिला पावसाळा गेला की पुन्हा एकदा पाहावी. आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी तोच दोन कड्यांचा बार परत चकमध्ये धरून कातावा, मोजावा आणि आकडे वहीत पहिल्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवावेत.